नऊ मजली पाल

मंगळवार, ४ मार्च

संस्थेत माणसाचं स्थान काय, हे त्याला दिलेल्या खुर्चीवरून कळतं. माझं स्थान दर बारा मिनिटांना एक बोट या गतीने खाली जातं. मी बसतो आणि माझ्यापाठोपाठ खुर्चीही बसते. सकाळी दहाला मी मेजाच्या वर असतो. जेवणाच्या सुट्टीपर्यंत हनुवटी मेजाला टेकते आणि समोरच्या पडद्यावरची पाल, जी मुळातच नऊ मजली आहे, ती बारा मजली दिसू लागते. याबद्दल मी व्यवस्थापनाला लेखी कळवलं. व्यवस्थापनाने तोंडी कळवलं की खुर्ची तपासली, तिच्यात दोष नाही, दोष वजनात असावा. सत्तावीस वर्षं दुसऱ्यांच्या खुर्च्यांवर टोमणे मारून पोट भरलं, ते असं फळाला आलं.

वर्तमानपत्राने माझं सदर बंद केलं त्याला सात महिने झाले. "वाचकांना हल्ली टोमणे घरबसल्या मिळतात हो," असं संपादक म्हणाले होते. आता एका टीव्ही वाहिनीने बोलावलं आहे. दर रविवारी दुपारी अवाढव्य प्राण्यांचे जुने, काळेपांढरे चित्रपट दाखवायचे आणि त्यावर माझं खवचट निवेदन चालवायचं. कोळी आहेत, खेकडे आहेत, एक गोगलगायही आहे, ती शहरापर्यंत पोचायलाच पाऊण चित्रपट घेते. संकलन करणाऱ्या बाईंना सगळे 'कात्री' म्हणतात, कारण त्या चित्रपट आणि माणसं सारख्याच सफाईने कापतात.

पहिला मान 'महापाल'चा. कारखान्याचं सांडपाणी पिऊन भिंतीवरची साधी पाल वाढते, दोन पायांवर उभी राहते, शहर तुडवते, शेपूट टाकते आणि ती शेपूट एकटीच जाऊन पूल पाडते. शास्त्रज्ञ चिरूट ओढत म्हणतो, "मला याचीच भीती होती." मग आधी बोलायला काय झालं होतं?

कात्रीबाईंना एक गोष्ट सांगितली नाही. त्या पालीच्या आत माझे वडील आहेत.

गुरुवार, ६ मार्च

बाबांना सांगून टाकलं. ते खिडकीशी त्यांच्या खुर्चीत होते. वय अठ्ठ्याहत्तर. आई जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून या दोन खोल्यांत आम्ही दोघेच. दोघेही एकमेकांना बोलतो कमी आणि ऐकवतो जास्त. म्हणजे मी ऐकवतो.

"कुठला सिनेमा?"

"तुमचा."

"विनोदी करणार?"

"तो आहेच विनोदी. मी फक्त लोकांच्या लक्षात आणून देणार."

ते म्हणाले, "चौथं रीळ नीट बघ. चौथ्यात मी चांगलं केलंय."

मी हा चित्रपट पाच वर्षांचा असताना पाहिला होता, निम्माच. आईने मांडीवर घेऊन कौतुकाने दाखवलं, "ते बघ, बाबा." मी बघितलं तर एक पाल बस खात होती. मी सीटखाली गेलो तो शेवटपर्यंत बाहेर आलो नाही. नंतर वर्षभर बाबा न्हाणीघरातून वाफेत निथळत बाहेर आले की मी पळायचो. शाळेत माझं नाव 'पालीचा' पडलं. तशा मुलाला जीभ लांब ठेवावीच लागते. तिच्यावरच पुढे संसार झाला. म्हणजे झाला नाही, पण पोट भरलं.

सोमवार, १० मार्च

आज कात्रीबाईंनी कानाला लावायचं यंत्र माझ्या डोक्यावर चढवलं. "गुरगुरण्याच्या खाली ऐका."

खाली श्वास होता. पालीचा आवाज घुमावा म्हणून त्या लोकांनी कातड्याच्या आत ध्वनिग्राहक बसवला होता. वरून कुठल्या तरी प्राण्याची डरकाळी जोडली, पण खालचा माणूस पुसायचा राहून गेला. आत घेतलेला श्वास लांब, बारीक शिट्टीसारखा. मग एक अडखळ. मग सोडलेला.

"बिचारा कोण असेल आत," बाई म्हणाल्या.

"असेल कुणीतरी हौशी," मी म्हणालो.

दिवसभर तेच ऐकत काम केलं. घरी आलो, तोंड धुवायला गेलो तर भिंतीपलीकडून तोच श्वास. शिट्टी, अडखळ, सुटका. स्वयंपाकघरातही आला. प्रुफं तपासण्याच्या दिवसांत मला औषधांच्या बाटल्यांवरही चुका दिसायच्या, त्यातलाच प्रकार. कानात चित्रपट बसला आहे. उतरेल.

गुरुवार, १३ मार्च

चौथ्या रिळाने सुखी केलं.

प्रसंग असा. पाल वीजकेंद्रात शिरते, दोन धुराड्यांमध्ये अडकते, धूर उठतो, आणि ती सावकाश, फार सावकाश कोसळते. कोसळण्याआधी पुढचा पंजा उचलून छातीवर तीनदा थोपटते. थोडं थांबते, पुन्हा तीनदा. यावर काय लिहावं ते चार दिवस सुचत नव्हतं. दृश्य उगाचच गंभीर आहे, त्यात नख घालायला फट मिळेना.

आज दुपारी जेवताना बाबांनी घास खाली ठेवला आणि छातीवर तीनदा थोपटलं. तळहात सपाट, मध्ये अंतर सोडून. माझ्याकडे बघत होते.

"आम्लपित्त?" मी विचारलं.

ते बघत राहिले. पुन्हा थोपटलं. मी उठून गोळी आणून दिली. त्यांनी ती मुकाट्याने घेतली आणि ताट बाजूला सारलं. मला तेवढ्यात वाक्य मिळालं होतं, हात धुवायच्या आधी लिहून काढलं: "अख्खं वीजकेंद्र न चावता गिळलं की दुसरं काय होणार? अहो, कुणाकडे आम्लपित्ताची गोळी आहे का? नऊ मजली द्या."

या लेखनातलं सगळ्यांत चांगलं वाक्य. म्हणजे बाबांचं पोट चव्वेचाळीस वर्षांपासून बिघडलेलं आहे तर.

सोमवार, १७ मार्च

ताईचा फोन. ती दूर राहते, त्यामुळे तिला इथलं सगळं स्पष्ट दिसतं.

"बाबा बोलत का नाहीत रे?"

"ते कधी बोलायचे?"

"हो-नाही तरी म्हणायचे. आज नुसतं फू-फू करत होते फोनवर."

"वय झालंय, ताई."

"तुझंही झालंय. तू गप्प बसतोस का? डॉक्टरकडे ने त्यांना."

"पाल संपली की नेतो."

"पाल," ती म्हणाली. "आई असती ना, तर तुझी पाल तिने केरात काढली असती." आणि फोन ठेवला. माझ्या घराण्यात शेवटचं वाक्य नेहमी बायकांकडे असतं.

नेणार आहेच. पण काय सांगायचं डॉक्टरला? तक्रार तर ते काही करत नाहीत. हल्ली आडवे होत नाहीत, खुर्चीतच पुढे वाकून झोपतात. "पाठ दुखते का?" विचारलं तर मान हलवली. छाती थोपटणं दिवसातून चार-पाचदा होतं. गोळ्यांचं पाकीट संपत आलं, मोठं आणलं पाहिजे.

आज पहाटे पाचला जाग आली. श्वास ऐकू येत होता. घरात कुठलंही यंत्र चालू नव्हतं. शिट्टी, अडखळ, आणि यावेळी अडखळ लांबली. मी पण श्वास धरून बसलो. मग तो सुटला. मनात शंकेची पाल चुकचुकली असं लिहिणार होतो, पण या महिन्यात तो वाक्प्रचार मला परवडणार नाही. उजाडेपर्यंत दिवा लावून जागा होतो. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस, आणि सीट असती तर खाली गेलो असतो.

गुरुवार, २० मार्च

बाबा रुग्णालयात. नंतर लिहीन.

शनिवार, २२ मार्च

गुरुवारचं लिहून ठेवतो.

वाहिनीने साचेवाल्यांना बोलावलं होतं. पालीचं रबरी कातडं त्यांनी बनवलं होतं. त्या चमूतले हयात असलेले दोघेच, ते आणि बाबा. दोन मिनिटांची मुलाखत घ्यायची होती. वय ऐंशीच्या पुढे, बोटांवर उकळत्या डिंकाचे जुने पांढरे डाग. दारातच थबकून माझ्याकडे बोट केलं.

"तू त्याचा ना? नाकावरून ओळखलं. त्या नाकाचा साचा घेतलाय मी."

कात्रीबाई माझ्याकडे वळल्या. "हौशी कुणीतरी, काय?"

मी त्यांना चित्रपट माझ्या निवेदनासह दाखवला. म्हातारा दिलदार निघाला. शास्त्रज्ञाला हसला, शेपटीला हसला. "महापाल आली, महापालिका कुठे आहे?" यावर त्याने मांडीवर हात मारला. मग चौथं रीळ आलं. धुराडी, धूर, पंजा छातीवर, माझं वाक्य. हशा नाही. या धंद्यात हशा न येणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे, म्हणून मी त्यांना वेळ दिला. तरी नाही.

"परत लाव," ते म्हणाले. "तुझं बोलणं बंद करून."

परत लावलं.

"हे पोटाचं नाही रे. कातड्यातून बोललेलं बाहेर ऐकू यायचं नाही. वर बोलण्यात हवा जायची. म्हणून आमचं ठरलं होतं, आत गेल्यावर बोलायचं नाही. हवा संपत आली की छातीवर तीनदा थोपटायचं. की तुझी आई धावणार आणि पाठीवरची चेन उघडणार. कपडेपटात होती ना ती. चेन आतून उघडत नव्हती. एका वेळी चार मिनिटं, त्याच्या वर नाही."

"मग ती कुठे आहे?"

"कॅमेऱ्याशेजारी. दिग्दर्शकाने तिचा हात धरून ठेवलाय. म्हणाला, थांबा, काय सुंदर पडतोय. शेवटी मीच सुरी घेऊन आत घुसलो आणि पाठ फाडली. आठ महिन्यांचं काम." पडद्याकडे बघत ते पुढे म्हणाले, "त्यानंतर तो घरीसुद्धा करायचा, झोपेत. तुझी आई सांगायची. आता करत नाही ना?"

कात्रीबाई म्हणतात की मी खुर्ची पाडून गेलो.

बाबा खिडकीशी होते, पुढे वाकलेले. ओठ पाटीच्या रंगाचे. तळहात छातीवर ठेवलेला, पण हलत नव्हता. मी रुग्णवाहिकेला फोन केला, सदऱ्याची बटणं सोडली, खिडकी सताड उघडली. मग करण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा मी त्यांच्या मागे गेलो आणि पाठीच्या कण्यावरून, मानेपासून खालपर्यंत, हात ओढला. का ते माहीत नाही. चेनसारखं काहीतरी तिथे सापडेल असं वाटलं होतं. माझा हात कमरेपर्यंत आला तेव्हा त्यांचे खांदे खाली आले, आणि एक श्वास आत गेला. शिट्टीसारखा.

"किती दिवस झाले हे?" डॉक्टरांनी विचारलं.

"आठ दिवस."

"आठ दिवसांत असं होत नाही. महिना तरी असणार. फुप्फुसं कडक झालीत, पाणीही भरलंय. काम काय करायचे?"

"रबरात असायचे."

"सांगत नव्हते का, दम लागतो म्हणून?"

"सांगत होते," मी म्हणालो.

मंगळवार, २५ मार्च

आज तोंडावरचा प्राणवायूचा मुखवटा काढून नाकात नळी लावली. पाणी काढलं आहे, पण हवेचं यंत्र घरी न्यावं लागेल आणि ते आता कायमचं. महिनाभर आधी आणलं असतं तर? डॉक्टर म्हणाले, "जर-तरला अर्थ नाही." डॉक्टर सभ्य आहेत. अर्थ आहे, तो मी रोज संध्याकाळी काढतो. गोळ्यांचं मोठं पाकीट अजून खिशात आहे, टाकवत नाही.

बाबा तीन-तीन शब्दांनी बोलतात, मध्ये हवा घेतात.

"चौथ्यातला विनोद... काढलास?"

"काढला."

"का?"

"साचेवाल्यांनी सगळं सांगितलं. दिग्दर्शकाने आईला धरून ठेवलं ते."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. मग म्हणाले, "त्याने धरलं... ते खरं. पण मी थोपटलंच... उशिरा. हवा संपल्याचं... आधीच कळलं होतं."

"मग?"

"पडणं... चांगलं जमत होतं."

ज्या घरात वाक्य चांगलं जमलं म्हणून जेवणाऱ्या बापाकडे दुर्लक्ष होतं, त्या घरात या गुणाचा उगम शोधायला दूर जावं लागत नाही.

"आईला माहीत होतं?"

"नाही. ती त्यालाच... शिव्या द्यायची. जन्मभर. मी देऊ दिल्या." नळी नाकात नीट केली. "आणि साचेवाल्यावर... मीच ओरडलो. माझं कातडं फाडलंस म्हणून. सुरी हिसकावली. दिली नाही परत."

"कुठे आहे ती?"

"कुठे म्हणजे? भाजीची... आपली."

काळ्या मुठीची. आईने अडतीस वर्षांत तिच्याने काय काय चिरलं असेल. आईला ती सुरी कुठली ते नक्कीच माहीत होतं. दुसरी सुरी घरात कधी आली नाही.

रविवार, ३० मार्च

'महापाल' दाखवला गेला.

आधी शुक्रवारी वाद झाला. चौथ्या रिळात दोन मिनिटं चाळीस सेकंद मी एक शब्द ठेवलेला नाही. वाहिनीच्या मुख्य बाई म्हणाल्या, "लोकांना वाटेल आवाज गेला."

"गेलेला नाही," कात्री म्हणाल्या. "वरची डरकाळी मी काढली आहे. खालचं ऐका."

मुख्य बाईंनी ऐकलं. मग त्या म्हणाल्या, "दुपारी लहान मुलं बघतात हो." पण कापा म्हणाल्या नाहीत.

बाबांना खिडकीशी बसवलं, यंत्र शेजारी घरघरत होतं. निवेदनाला हसले. माझ्या कामाला ते पहिल्यांदाच हसत होते, त्यात त्यांना दोनदा खोकला आला, आणि मी हसवायचं बंद करता येईल का ते बघत होतो. ते अर्थात टीव्हीत आधीच बंदिस्त झालेलं होतं.

मग धुराडी. टीव्हीतून एक श्वास येत होता आणि खुर्चीतून एक. चौतीस वर्षांच्या माणसाचा आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाचा. दोन्हींत तीच शिट्टी, पण जुळत नव्हते, एक पुढे, एक मागे. मग पडद्यावरची पाल वाकू लागली आणि दोन्ही एकत्र आले. मी बाबांकडे बघितलं नाही. माझ्या मानेवर कुणीतरी श्वास सोडतंय असं वाटत होतं.

त्यांनी बोट उचललं. "इथे. इथे कळलं मला."

पाल पडत राहिली. कितीतरी वेळ पडत राहिली. एवढ्या मोठ्या देहाला पडायला जागाच नाही असं वाटावं, तशी एकेका सांध्यातून खाली येत होती. मग पंजा छातीकडे गेला.

"आणि इथे... थोपटलं. मध्ये बावीस सेकंद."

"मोजलेत?"

"नंतर. थिएटरात. सात वेळा... गेलो होतो."

पुढची दृश्यं मी बघितली नाहीत. यंत्राच्या काट्याकडे बघत होतो.

"घाबरलास का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आत्ता? का... तेव्हा?"

"तेव्हा. आणि आत्ता जास्त."

ते समाधानाने मागे टेकले. "मग जमलं होतं," म्हणाले. संध्याकाळी ताईचा फोन आला तर तिलाही त्या बावीस सेकंदांचं सांगितलं, तीन-तीन शब्दांत, पूर्ण. ती रडली आणि मग मला झापलं. मी ऐकून घेतलं.

बुधवार, २ एप्रिल

ताई आठ दिवसांसाठी राहायला आली आहे. दुपारी बाबांना तिच्यावर सोपवून बाहेर पडलो.

सुरीला आधी धार लावून घेतली. धारवाला म्हणाला, "पातं झिजून निम्मं झालंय, साहेब, नवी घ्या." मी म्हटलं, हिलाच लाव. वर्तमानपत्रात गुंडाळली. नेमकं माझ्याच जुन्या सदराचं पान निघालं, मग दुसरं घेतलं.

साचेवाल्यांची कार्यशाळा एका छपाई कारखान्याच्या मागे आहे. दार उघडंच होतं. भिंतीला हात, पाय, जबडे टांगलेले, एका फळीवर नुसती नाकं. त्यांतलं एक मला ओळखीचं वाटलं, पण जवळ जाऊन खात्री केली नाही. म्हातारे लाकडी आरामखुर्चीत झोपले होते, चष्मा छातीवर, तोंड थोडं उघडं.

काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं. उठवावं असं वाटेना. मी दाराशी उभा राहून ऐकलं. श्वास आत जात होता, बाहेर येत होता, मध्ये काही नव्हतं. बराच वेळ ऐकलं.

मग कागद सोडला, त्यांच्या हत्यारांच्या रांगेत जागा केली, सुरी तिथे ठेवली, पातं भिंतीकडे करून, आणि दार आवाज न करता ओढून घेतलं. वाटेत घरासाठी एक नवी सुरी घेतली.